बापूच्या पायाखालची पेटी

(शिरोली एमआयडीसीच्या मागचं पत्र्याचं गॅरेज. खंडेनवमीचा आदला दिवस, दुपार. पिराजी मिस्त्री एका पांढऱ्या जुन्या मोटारीत अर्धा शिरलेला. त्याची बायको झुंबरबाई रॉकेलच्या चिंधीनं पाने पुसतेय. मोटारीचा मालक, हातकणंगल्याकडचा पावणा, दारात उभा.)

पिराजी : सांगून पटायचं न्हाय, पावणं. आजवर कुनाला पटल्यालं न्हाय. पर ह्या हातानं एका चेअरमनला खुर्चीवरनं खाली वडलाय. निसत्या अर्ध्या तांब्या काकवीत.

झुंबरबाई : गेल्या दसऱ्याला पाव तांब्या हुती.

पिराजी : तू पानं पूस. आमच्या मंडळीकडं ध्यान देऊ नगा, पावणं.

पावणं : सांगा की. पर हात चालू ठेवा. गाडी आजच सुरू झाली पायजे.

झुंबरबाई : व्हय, आवरा. दिवस मावळायला समदी हत्यारं पाटावर मांडायची हाईत. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्यापातूर मी पान्याला हात लावू द्यायची न्हाय. मग गाडी तुमची असंल न्हाईतर कलेक्टरची.

पिराजी : हुतंय. रोग घावलाय. हिचा कॉम्प्युटर मेलाय. चावी फिरवली तरी बोर्डावरचा इंजनाचा दिवा डोळा उघडंना, पेट्रोलचा पंप बोलंना, प्लगला ठिणगी न्हाय. इंजन धडधाकट हाय, त्याला हुकूम देनाराच गेलाय. दुसरा आनलाय न्हवं?

पावणं : पुन्याच्या जुन्या बाजारातनं. पेटीवरचा नंबर जुळवून, आकडा न् आकडा.

पिराजी : शाना मानूस. एक आकडा चुकला तर गाडी सवतीवानी वागती. बॅटरीची वायर काढली. आता पेटी. ती असनार हितं, मीटरच्या मागं...

पावणं : तितं न्हाय. डाव्या शिटाफुडं, पायाखाली. मॅट उचला, खाली पत्र्याचं झाकण हाय.

पिराजी : ठावं हाय की. तुमची परीक्षा घेत हुतो.

झुंबरबाई : आनि मागच्या शिटावर कागदात काय हाय, पावणं? त्याल लागंल त्येला.

पावणं : कापशी पायतान. नवं हाय. उद्या घालायचंय. वर ठेवा जरा.

पिराजी : तर ऐका. नव्व्यान्नव साल. आमच्या पट्ट्यातला दूध संघ, आनि त्येचा चेअरमन पृथ्वीराजबापू. ऐकलाय का?

पावणं : ऐकलाय.

पिराजी : त्यानं नवी गाडी घेतली. तालुक्यात पैलीच कॉम्प्युटरची. मी कौतिकानं बॉनेटवर हात ठिवला, तर भर चौकात म्हनला, 'ट्रॅक्टरचा मिस्त्री तू. कॉम्प्युटरच्या गाडीला हात लावलास तर हात मोडीन.' पन्नास मानसं हसली. तवाच ठरवलं, बापू, ह्यो कॉम्प्युटर तुला खानार.

झुंबरबाई : भर चौकात न्हवं, आपल्याच दारात. आनि दोन मानसं हुती. त्यातली एक मी.

पिराजी : तू पन्नासाला भारी हाईस. तीन वरसं दम धरला. मग एप्रिल उजाडला. निवडनुकीचा फारम भरायचा शेवटचा दिस. तीनच्या ठोक्याला हापिसाचं दार बंद. सकाळी बापूची गाडी माझ्याकडं आली, हवा भराया. बापू वर चावडीत, खाली निसता ड्रायव्हर.

पावणं : कसा हुता ड्रायव्हर?

पिराजी : काळा, ढेरपोट्या, ह्या एवढ्या मिशा. सकाळच्या पारी टाकून आल्याला. ह्या बाकड्यावर पडला आनि लागला घोराया.

पावणं : टाकून आल्ता.

पिराजी : वास घरात यीत हुता. विचारा हिला.

झुंबरबाई : मला इचारू नगा. मी म्हायेरला हुते.

पिराजी : मी गेलो आत. मॅट उचलली, झाकण काढलं, काकवी वतली. का काकवी? तर मुंग्या. तांबड्या मुंग्या चौदा दिस उपाशी ठेवल्या हुत्या डब्यात. त्यास्नी सांगितलं, बायांनो, अडीच वाजता हिरवी तार तोडायची. त्याआदी न्हाय, नंतर न्हाय.

झुंबरबाई : मुंग्यास्नी घड्याळ कळतंय, ह्येस्नी जेवायचा टायम कळत न्हाय.

पिराजी : तेवढ्यात ड्रायव्हर उठला. आता घावतो का काय, असं झालं. पर त्याचं पायतान, कापशी, असं करकर वाजाया लागलं, पुलावरनं ऐकू यावं. पावलागनिक करकर. तसं मी झाकण दाबलं आनि टायराशी जाऊन बसलो. त्या पायतानानं मला वाचवलं, पावणं.

पावणं : पायतान वाजलं?

पिराजी : अजून कानात हाय.

पावणं : हं. मग?

पिराजी : मग काय. अडीच वाजले आनि चढाला गाडी मेली. ड्रायव्हर खाली उतरून ढकलतोय, बापू आत बसलाय. हापिसात पोचले तवा तीन वाजून ईस मिन्टं. दार बंद. बापू दारावर बुक्क्या मारत हुता म्हनं. त्या दिसापास्नं खुर्ची न्हाय.

पावणं : आनि बापूला ठावं हाय, ह्ये तुमी केलं?

पिराजी : समद्या पट्ट्याला ठावं हाय. परवा एका लग्नात मला बगितलं आनि पंगतीतनं उठून गेला.

झुंबरबाई : पंगत संपलीती. हात धुवाया उठला.

पावणं : म्हंजे आट वरसं बापू तुमच्या नावानं दात खातोय.

पिराजी : रोज. उठल्या उठल्या.

पावणं : ह्ये काय बरं झालं न्हाय.

पिराजी : का वो?

पावणं : काय न्हाय. झाकण काडा.

पिराजी : काडतो. बोल्ट गंजल्यात. आँ... निघाली. ही बगा पेटी. आयला, ह्ये पांढरं काय ग? पिना समद्या खाऊन टाकल्यात.

पावणं : काकवी असंल.

झुंबरबाई : काकवी वाळली की काळी पडती. बगू, हिकडं आना.

पिराजी : जिभंला लावू नगस, येडे.

झुंबरबाई : खारट हाय. मीठ हाय ह्ये, अवं.

पिराजी : पुराचं पानी शिरलं असंल.

झुंबरबाई : पंचगंगा कवापास्नं खारी झाली?

पावणं : मिस्त्री, गाडी वळकली न्हाय व्हय?

पिराजी : कंची?

पावणं : हीच. बापूची हाय. अपशकुनी म्हनून आट वरसं गोठ्यामागं टाकलीती. भंगारवाल्याला दिली, त्याच्याकडनं मी घेतली. बापूला ठावं न्हाय कुनी घेतली ते. उद्या पुजायची, झेंडूची माळ घालायची, आनि बापूच्या दारावरनं न्यायची. सावकाश. काच खाली करून.

पिराजी : ही... बापूची? मग झालं की. माझीच काकवी ती. आट वरसांत खारट पडली. गोडाचं असंच असतंय, लई दिस ऱ्हायलं की...

झुंबरबाई : खावा आता शब्द.

पिराजी : पर तुमचं काय वाईट केलंय बापूनं?

पावणं : ड्रायव्हरचं सांगतो. गाडी नवी, आत नवा गालिचा. तर बापूनं त्येचं पायतान बंद केलं. गाडीजवळ यायचं ते अनवानी. तीन वरसं. मे म्हैन्यात क्लच तापतोय, तळव्याला फोड यायचे. बापू मातुर बूट घालून डाव्या शिटावर, पेटीवर पाय ठिवून.

झुंबरबाई : गालिच्यापायी?

पावणं : तेवढं बी सोसलं असतं त्यानं. त्येच्या पोरीची सुपारी हुती. बापू आला, पावन्यांच्या म्होरं उभा ऱ्हायला आनि ड्रायव्हरच्या पायाकडं बोट दावून म्हनला, 'ह्येला पायतान कशाला? आमच्या बैलास्नी कुटं असतंय?' मुलाकडची मानसं हसली. पोरगी नवं लुगडं सावरत आत गेली ती भाईर आली न्हाय.

झुंबरबाई : मोडली सुपारी?

पावणं : न्हाय. लगीन झालं. पर ती अजून बापाच्या पायाकडं बगत न्हाय.

पिराजी : मग?

पावणं : मग तुमचा एप्रिल. फारम भरायच्या दिशी सकाळी गाडी धुताना त्यानं तांब्यात दोन मुठी मीठ कालवलं. मॅट उचलली, झाकण सैल केलं, सोडलं. मुंग्या बिंग्या न्हाईत. मिठाला घाई नसती, पर ते इसरत बी न्हाय. चढाला गाडी गेली. दीड मैल ढकलली त्यानं, डांबर पाघळत हुतं, बापू आतनं आयाभैनी काढत हुता. त्या दिशी काय पाय भाजले न्हाईत.

झुंबरबाई : आनि कुनालाच सांगितलं न्हाय?

पावणं : कुनाला न्हाय. नोकरी सोडली, हातकणंगल्याला टेम्पो चालवाया लागला. वाटलं, एक दिस बापूच्या दारात जाऊन सांगू. तवर हितं काकवीची कथा झाली.

पिराजी : पावणं, तुमाला ह्ये त्या ड्रायव्हरनं सांगितलं असनार. पिनाऱ्या मानसाचं काय खरं धरता? मी सवता हजर हुतो. ह्या बाकड्यावरनं उठला त्यो, माझ्या कानानं ऐकलंय, करकर करकर...

झुंबरबाई : अवं, गप बसा. त्यांच्या अनवानी पायाकडं बगा.

पावणं : ऱ्हाऊ द्या, वैनी. नवी पेटी बशिवा, मिस्त्री, दिवस कलंडला. आनि त्यो ड्रायव्हर मीच. माझ्या पायात पायतानच नव्हतं, तर ते वाजंल कसं?