लॉयल, पण कोणाशी?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या लिफ्ट कंपनीचे मालक आदरणीय साहेब, प्रमुख पाहुण्या, हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाई, सत्कारमूर्ती मिस्त्रीकाका, काकू आणि समोर बसलेली सगळी मंडळी,

मला आभार मानायला उभं केलंय. मानतो. पण आधी एक शंका.

साहेब, आपल्या भाषणात मिस्त्रीकाका दर वाक्याला 'लॉयल' होते. या ढालीवरही सोनेरी अक्षरांत तेच कोरलंय. मी कॉलेज अर्ध्यात सोडलेला, वर्कशॉपमध्ये मला 'अर्धा'च म्हणतात, तेव्हा इंग्रजीही तेवढंच. पण हा शब्द कानावर पडतो. दुकानदाराचं लॉयल गिऱ्हाईक म्हणजे भाव न करणारं. शेजाऱ्याचा लॉयल कुत्रा म्हणजे लाथ बसली तरी शेपूट हलवणारा. आणि मालकाचा लॉयल माणूस? तो कसा असतो हो?

गेल्या महिन्यात हॉस्पिटलच्या लिफ्टचा दोर झिजला, तारा तुटायला लागल्या. साहेब, आपण स्वतः हात लावून पाहिलात. तरी म्हणालात, "मिस्त्री, चालू करा. दोराचं नंतर बघू."

आपल्याकडे रीत आहे, बंद पडलेली लिफ्ट चालू करताना पहिली फेरी मिस्त्रीनं एकट्यानं मारायची, मगच माणसं आत घ्यायची. काका म्हणाले, "मी बसणार नाही. आणि ज्यात मी बसत नाही, त्यात पेशंटला घालणार नाही." दारात स्टूल टाकून बसलेच.

आपण ओरडलात, "इतकी वर्षं आमचं मीठ खाल्लंत, जरा तरी लॉयल राहा!"

"राहतोय म्हणूनच बसलोय," काका म्हणाले.

आठवड्याच्या आत काकांची स्वेच्छानिवृत्ती जाहीर! इच्छा कोणाची, ते ढालीवर कोरायचं राहिलं वाटतं?

टाळ्या नकोत. मी काकांचा लाडका नाही. त्यांच्या मुलीवर माझं प्रेम आहे. ती बघा, खिडकीपाशी कपाळाला हात लावून बसलीये. मागणी घालायला गेलो, तर काकांनी चहा पाजला आणि म्हणाले, "जो कॉलेजशी लॉयल राहिला नाही, तो माझ्या पोरीशी काय राहणार?" अंगाचा तिळपापड झाला होता. आजही होतो. पण या हॉलमध्ये हा शब्द उच्चारायचा हक्क कोणाला असेल, तर त्या एका माणसाला.

डॉक्टरीणबाई, आपल्याला काय सांगितलंय मला ठाऊक नाही. दोर तोच आहे. उद्या सकाळी लिफ्ट चालू करायचं काम माझ्याकडे दिलंय. मी करणार नाही. दुसरा कोणी करायला आला, तर त्याला आधी आत बसवा. साहेबांनाही बसवा.

काका, उद्यापासून अर्धा बेकारही झाला. नाही म्हणायला तुम्हाला आणखी एक कारण मिळालं.

आता आभार. हॉल दिल्याबद्दल, माइक दिल्याबद्दल आणि तो अजून काढून न घेतल्याबद्दल सगळ्यांचे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर पोटात घाला. दोराचं मात्र पोटात घालू नका.