पायाखालची वीतभर माती

रितिका : पॅनल खालून फुगलंय, दामिनीताई. म्हणजे वरून रोज पाणी पडतंय आणि खाली साचतंय. ही वेल प्लास्टिकची आहे हे कामवाल्या मावशींना सांगितलंय ना तुम्ही?

दामिनी : रुखमाबाईंना दहादा सांगितलं. फक्त कोरडा कपडा फिरवा म्हणून. अहो, इंटिरिअरचं काम होऊन दीड महिना नाही झाला आणि भिंतीची ही हालत. वैभव घरी येऊन पाहतील तर मलाच बोलतील. थांबा, विचारते तिला.

जागेश्वर : तिले काहून विचारतं, बेटा? ताकाले जाऊन गाडगं कायले लपवू? मी टाकतो पाणी.

दामिनी : मामाजी, तुम्ही?

जागेश्वर : रोज सकाळी. चहाच्या आंधी.

रितिका : काका, तुम्हाला ती खरी झाडं वाटली का?

जागेश्वर : पोरी, साठ वर्षं कोष्ट्याचं काम केलं मी. कापूस कोणता आन पॉलिस्टर कोणतं, डोये मिटून सांगतो. मले प्लास्टिक समजत नाई का? तुह्या वेलाले नोतो घालत पाणी. हवेवर शिंपत होतो.

रितिका : हवेवर म्हणजे?

जागेश्वर : उन्हाळ्यात हवा कोरडी झाली का सूत तुटते. उमरेडले आमचा खड्ड्याचा माग होता. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसाचं आन पायानं माग चालवाचा. सकाळी उठलो का पहिले खड्ड्यात आन चौफेर पाणी शिंपो. मंग माही बायको मैना सुताच्या कांड्या भरे, मंग मी कामाले बसो. इथं तुमचा एसी रातभर हवा सुकवून टाकते. उठलो का हात आपोआप तांब्याकडे जाते.

दामिनी : पण सूत कुठं राहिलं आता, मामाजी? सासूबाई गेल्यावर माग तर तुम्ही विकला.

जागेश्वर : माग विकला, खड्डा हाय. माहा भाऊ दादाजी त्यात कांदे ठेवते. सूत नाई, थे मलेई समजते. पण माणसाले सकाळी काई काम पाहिजे का नाई?

रितिका : ठीक आहे, पॅनल मी बदलून देते. फक्त पुन्हा पाणी नको, काका.

जागेश्वर : बदल. रविवारी मी उमरेडले चाललो. मंग तुही भिंत कोरडीच राहीन.

दामिनी : त्याला मी हो नाही म्हटलं अजून. रितिका, तुम्हीच समजवा यांना. म्हणतात, लहान भाऊ एकटा आहे. दादाजीकाका तर वीस वर्षांपासून शेजारच्या घरात एकटेच राहून राहिले. त्यांची फिकर यांना आताच पडली?

जागेश्वर : त्याचीई उमर झाली न आता.

दामिनी : खरं सांगा मामाजी, माझं काही चुकलं का? तुम्ही येणार म्हणून मी हे सगळं करून घेतलं. हिरवी भिंत, जंगलाचा वॉलपेपर, बांबूचे दिवे. उमरेडचं मोकळं घर सोडून माणूस फ्लॅटमध्ये येऊन राहिला, त्याला जरा बरं वाटावं म्हणून. आणि तुम्ही दीड महिन्यात बॅग भरली. मला वाईट वाटते.

जागेश्वर : तुह्यं काई चुकलं नाई वं. तळपाय जळतात म्हणलं तं तू मले डॉक्टरकडे नेलं. शुगर निघाली का? नाई निघाली. माहे पाय ह्या फरशीनं जळतात. साठ वर्षं मातीत होते. ओल्या, थंड मातीत. आन इथं मी करू काय? झाड हाय तं पाणी मांगत नाई. पान हाय तं गळत नाई. तू सारं करून ठेवलं, माह्यासाठी काईच नाई ठेवलं. पाहुण्यावानी किती दिवस बसाव?

रितिका : दामिनीताई, मी खरी झाडं सुचवली होती.

दामिनी : हो, सुचवली होती. मीच नाही म्हटलं. घरात माती नको, रोज पोछा कोण मारेल म्हणून. यांना विचारलंसुद्धा नाही मी.

रितिका : काका, खड्डा किती खोल असायचा?

जागेश्वर : गुडघाभर. काहून, खणतं का काय? चौथ्या मजल्यावर? खालच्या यमुताईच्या देवघरात माहे पाय निघतीन.

रितिका : खाली जाता येत नाही, तर आपण वर बसू. बाल्कनीत गुडघाभर उंच बाक करते तुमच्यासाठी. बाकासमोर, जिथे पाय टेकतात तिथे, मातीचा वाफा. वीतभरच, जास्त वजन नको. पाणी निघायला नळी ठेवू. कडेनं पुदिना, ओवा, जे म्हणाल ते. त्याला मात्र रोज पाणी लागेल.

दामिनी : आणि ते काम तुमचं, मामाजी. मी हात लावणार नाही.

जागेश्वर : बोलाले बरं वाटते. पण पायाले विचाराव लागन.

दामिनी : थांबा दोन मिनिटं. आलेच मी.

(दामिनी सोसायटीच्या बागेतून घमेलंभर माती घेऊन येते. जागेश्वर बाल्कनीत स्टुलावर बसलेले.)

दामिनी : माळ्याकडून मागून आणली. ठेवा पाय. पाणी मी शिंपते.

जागेश्वर : एवढं नाई टाकत. चिखल होते. बोटानं शिंपाव, असं.

दामिनी : असं?

जागेश्वर : हं. आता जमलं.

रितिका : काय म्हणतात पाय?

जागेश्वर : खडे हायेत हिच्यात.

दामिनी : मग? नाही आवडली?

जागेश्वर : दम धर न जरा. थंड हाय. बरं वाटून राहिलं, बेटा. लय दिवसानं बरं वाटून राहिलं.

रितिका : ताई, माती सांडतेय फरशीवर.

जागेश्वर : मी पुसतो.

दामिनी : नका पुसू. सांडू द्या.

रितिका : मग बाकाचं माप घेऊ ना, काका? की रविवार पक्का?

जागेश्वर : रविवार पक्का हाय. दामिनी, दादाजीले फोन लावून दे.

दामिनी : मामाजी, आता काय राहिलं?

जागेश्वर : लाव तं खरं. ... हॅलो, दादाजी? हो, रविवारी येऊन राहिलो, सकाळच्या बशीनं. आयक, मागाच्या खड्ड्यातले कांदे काढून ठेवजो. दोन बोऱ्या माती पाहिजे मले तिथली. काहून म्हणजे? इथली खड्याची हाय, आन सूनबाईनं मले बाल्कनीत काम देल्लं. नाई गा, माह्यासाठी बिस्तरा नको टाकू. संध्याकाळी वैभव गाडी आणते, माती भरून त्याच्यासंग घरी वापस येतो.