चौथ्या पिल्लाचं पोट

भाऊजी: …तर सांगतो डॉक्टरीणबाई, पण यावर कुणाचा विश्वास बसत नाही, तुमचाही बसणार नाही. या एवढ्याशा पिल्लानं परवा माझी चप्पल गिळली. डाव्या पायाची, अख्खी. आणि काल सकाळी बाहेर काढून ठेवली, ती पॉलिश करून.

डॉक्टर: काका, आधी त्याला टॉवेलातून काढून इथे ठेवा. वजन करू.

मेहुणी: दात तरी धड आलेत का त्याला, भाऊजी?

भाऊजी: गिळायला दात कशाला लागतात? बत्तीस दातांची माणसं पाहिलीत मी, साधा एक टोमणा गिळता येत नाही त्यांना.

मेहुणी: आणि काहींना तोंड मिटता येत नाही.

डॉक्टर: सातशे दहा ग्रॅम. किती दिवसांचं आहे?

भाऊजी: अठ्ठावीस. जन्माला आलं तेव्हा मी हजर होतो. कुत्री आमच्या जिन्याखाली आणि मी जिन्यावर.

डॉक्टर: मग याच्या दुप्पट तरी हवं होतं. आई कुठाय?

भाऊजी: तिला नोकरी लागली. कारखान्याच्या फाटकावर, राखणीची. ओली बाळंतीण, नको नको म्हणत होती बिचारी. पण साहेबानं फारच गळ घातली.

मेहुणी: टेम्पोखाली गेली ती. पिल्लं बारा दिवसांची होती.

भाऊजी: असंही सांगतात लोक.

डॉक्टर: म्हणजे बाराव्या दिवसापासून तुम्हीच पाजताय. शी कशी होते?

भाऊजी: सोन्यासारखी. पिवळीधमक.

मेहुणी: पाण्यासारखी होते, डॉक्टर. आंबूस वास, वर फेस. आज तिसरा दिवस. पोट बघा कसं तट्ट फुगलंय, आणि पाठीचा मणी न् मणी हाताला लागतो. मी काल आले तेव्हा पाहिलं. हे तर आणायलाच तयार नव्हते, म्हणे कुस्तीची तयारी करतोय तो.

डॉक्टर: हं. कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहतेय. हिरड्या पांढऱ्या पडल्यात. काका, काय पाजता याला? गाईचं दूध?

भाऊजी: गाईचं? छे हो. ते साध्यासुध्या कुत्र्यांना. आमच्याकडे खास खुराक आहे. समुद्रापलीकडून येतो. तिथल्या एका राजाला म्हणे अन्न गोड लागेना, तेव्हा चाळीस वैद्य बसले आणि…

डॉक्टर: आणलाय बरोबर?

भाऊजी: आणलाय की.

(पिशवीतून एक मोठा पत्र्याचा डबा काढून टेबलावर ठेवतो. मेहुणी डबा हातात घेते, बराच वेळ खाली ठेवत नाही.)

मेहुणी: हे ताईचे डबे आहेत.

डॉक्टर: ही माणसांची पावडर आहे. अंथरुणाला खिळलेल्यांना नळीनं देतात ती.

मेहुणी: माझी बहीण. यांची बायको. दीड महिना झाला तिला जाऊन. भाऊजी, मला म्हणालात उरलेले डबे दवाखान्यात देऊन टाकले.

भाऊजी: देणारच होतो. पिशवीत भरून दारापर्यंत गेलोसुद्धा, दोनदा. मग म्हटलं अकरा डबे आहेत, सील न फोडलेले. तिच्यासाठी आणलेलं असं कुणाला कसं देऊन टाकायचं?

डॉक्टर: आणि पाजता कशानं?

भाऊजी: तिच्याच सिरिंजनं. उकळून घेतो. ते काम मला येतं, डॉक्टरीणबाई. बाकी माझ्या बोलण्यावर जाऊ नका, पण हे खरंच येतं. आठ महिने केलंय. मानेखाली उशी, एक एक थेंब, घसा हलला की मग पुढचा. दर तीन तासांनी. तिचा गजर मी बंदच केला नव्हता. ती गेल्यावरही वाजायचा. उठून पावडर कालवायचो, वाटी हातात घेऊन उभा राहायचो, आणि मग आठवायचं.

मेहुणी: सांगायचं नाही का मला?

भाऊजी: सांगितलं असतं तर तू गजर बंद केला असतास.

डॉक्टर: काका, पिल्लाला उताणं पाजत होतात? उशीवर?

भाऊजी: नीट. तिला निजवायचो तसंच.

डॉक्टर: पिल्लाला पालथं ठेवून पाजतात. पोटावर, मान थोडी वर. आईखाली असतं तसं. उताणं पाजलं तर छातीत जातं. आणि ही पावडर… याच्या वयाला भरपूर चरबी लागते, प्रथिनं लागतात. यात बहुतेक साखरच आहे. याच्या आतड्याला ती झेपत नाही. तिथेच आंबते आणि अंगातलं पाणी ओढून बाहेर काढते. बघणाऱ्याला वाटतं पोट भरलंय.

भाऊजी: भरलेलं असतंच की. माझ्या हातानं भरतो मी.

डॉक्टर: भरलेल्या पोटानं उपाशी मरतात अशी पिल्लं.

भाऊजी: उपाशी?

डॉक्टर: हो.

भाऊजी: नाही, नाही. तसं असतं तर बाकीची तिघं कशी वाढली असती? याच डब्यावर वाढली ती, याच सिरिंजवर. तुम्हाला सांगतो, थोरल्याला एका जहाजाच्या कप्तानानं नेलं. आता एवढं धिप्पाड झालंय की ते डाव्या कुशीवर वळलं की जहाज डावीकडं वळतं. सुकाणू काढून ठेवलंय कप्तानानं. दुसरं गायनमास्तरांकडे आहे. शिष्य बेसूर झाला की उठून त्याच्या मांडीवर पाय ठेवतं, मारत नाही, नुसता ठेवतं. आणि तिसरी, ती मादी होती, कपाळावर पांढरा ठिपका… ती एका निवृत्त न्यायाधीशांकडे. ते तिला विचारल्याशिवाय जेवायला बसत नाहीत.

डॉक्टर: काका, गोष्ट छान आहे. पण मला नेमकं सांगा. तिघंही धडधाकट आहेत?

भाऊजी: ठणठणीत. पचवतील ते कमी.

डॉक्टर: मावशी, खरंय हे?

मेहुणी: …भाऊजी सांगतात तसं असेल.

डॉक्टर: मग अवघड आहे. त्याच खुराकावर तीन भावंडं धष्टपुष्ट झाली असतील, तर दोष खुराकाचा नाही. याला आतड्याचा संसर्ग झालाय असं धरावं लागेल. म्हणजे तोंडानं सगळं बंद. आजचा दिवस आणि रात्र, फक्त सलाईन आणि इंजेक्शन.

मेहुणी: आणि दोष खुराकाचाच असला तर?

डॉक्टर: तर नेमकं उलटं. पिल्लाचं खरं दूध आत्तापासून द्यायचं. कोमट, चमचाभर, दर दोन तासांनी. सलाईन बरोबरीनं. तसं केलं तर हे वाचू शकतं, वाचतात अशी. पण आधीच उपाशी असलेल्याला मी आज आणखी उपाशी ठेवलं, तर उद्या सकाळी तुम्हाला इथे यायची गरज पडणार नाही.

भाऊजी: मग दोन्ही करा. थोडं हे, थोडं ते.

डॉक्टर: सातशे ग्रॅमच्या जिवावर दोन्ही करता येत नाही, काका. मला एकच निवडता येईल, आणि ते तुमच्या शब्दावर निवडायचंय. माझी नर्स इंजेक्शन भरतेय. तिघं ठीक आहेत ना?

भाऊजी: म्हटलं ना. कप्तानाचं तर गेल्या आठवड्यात पत्र आलं. पाकिटावर पंजा उमटवलेला. लिहितो, तुमचा हात मोठा गुणाचा, तुम्ही भरवलेला जीव कधी…

मेहुणी: भाऊजी.

भाऊजी: …कधी आजारी म्हणून पडला नाही, असं लिहितो.

मेहुणी: भाऊजी, कुंपणाकडेला तुम्ही तीन कुंड्या मांडल्यात.

भाऊजी: झाडं लावायचीत.

मेहुणी: काल संध्याकाळी तुम्ही त्यांना पाणी घालत होतात, मी खिडकीतून बघत होते. तिन्हींत नुसती माती आहे. एक मी जरा सरकवली, खालची जमीन ताजी उकरलेली होती. कुणी कप्तान नाही, भाऊजी. ताईच्या डॉक्टरांनाही तुम्ही रोज सांगायचात, सगळं पचतंय तिला. मला दिसत होतं, तरी मी तोंड उघडलं नाही. हे चौथं अजून श्वास घेतंय. यांना सांगा, त्या तिघांतलं पहिलं कोणत्या दिवशी गेलं.