लाल जॅकेट

...नाही हो काकू, ते जॅकेट काढू नका, पिवळंच असू दे! पहिल्यांदा मला खटकलं ते तेच— सारिकाला लाल दिलं. पिवळं म्हणजे नवशिके, ते वरच्या अंगाला, कांदळवनातल्या संथ पाण्यात. लाल म्हणजे ज्यांना वल्हवता येतं ते— खाली, देवबागच्या संगमाकडे. माझ्या धाकट्या बहिणीला वल्हं सरळ कसं धरतात तेही ठाऊक नाही, आणि तो सुदेश, इथला कयाकचा गाईड, बघतोय, हसतोय, पट्टे आवळतोय. मुद्दाम? मुद्दाम कशाला करेल तो— पण मग माझ्याकडे का बघेना? नुसतं विचारलं, "तुमी खंयची गो?" सारिका म्हणाली, वालावलची. "मगे तुमका काय शिकवचा? नदीकाठची माणसां तुमी!" आणि दिलं लाल.

काय वाजलं? ...दोर होय.

नदीकाठचे आहोत, खरंय. पण बाबांनी आम्हाला होडीत नेहमी मधे बसवलं, वल्हं हातात कधी दिलंच नाही. हे सांगायला काय झालं होतं तिला? मला— मला काय झालं होतं म्हणा. मागे तुमच्यासारखी पुण्या-मुंबईची रांग, सगळे ऐकतायत, त्यांच्यासमोर वालावलच्या मुलीने 'येत नाही' म्हणायचं? तिने माझ्याकडे बघितलं हो. मी बोलेन म्हणून बघितलं. आणि मी हसले.

आईला कुडाळच्या बाजाराचं सांगून आलोय. तुम्ही हे कुणाला— नाही, तुम्ही कशाला सांगाल. पण तुम्ही तिकडे काय बघताय? तुम्हाला काही दिसलं का? ते बघा, तो पाचोळा. मघाशी जाग्यावर होता, आता खाली धावतोय. सुकती लागली, पाणी समुद्राकडे ओढतंय, आणि ती तिकडेच! काउंटरवरचा म्हणतो, "येतली गो, घाबरतंस कित्याक?" असं कोण म्हणतं? ज्याला काही लपवायचंय तोच ना?

मी काठावर थांबणार होते, तेव्हा सारिकाचा फोन माझ्या पर्समध्ये. म्हणून पावतीवरच्या नंबरवर सुदेशला लावतेय, सारखी लावतेय. रिंग जाते, उचलत नाही. वल्हवताना कसा उचलेल? मग कुणी उलटलं तर—

थांबा. थांबा, उचलला. हॅलो! सुदेशदादा, ऐका, लाल जॅकेटातली ती मुलगी, तिला येत नाही, आम्ही खोटं— कोण? सारिका? रडू नको, नीट बोल. त्यांची फोनची पिशवी तुझ्या कयाकमध्ये? मग सुदेशदादांना दे फोन.

...कुठे दिसत नाहीत म्हणजे?