घोषणा देणारी बाई

माझं नाव लता सोनवणे. जन्म मांजरीचा, लग्न करून कात्रजला आले त्याला आता चाळीस वर्षं होत आली. वडील दुसऱ्याच्या उसात रोजानं जायचे आन् आम्ही पोरं ज्वारीच्या राखणीला, माळ्यावर उभं राहायचं, गोफण फिरवायची आन् पाखरांवर वरडायचं, सकाळधरनं ऊन डोक्यावर येईस्तवर नुसतं वरडायचं. माझा आवाज तिथला. आई म्हणायची, हिला हाक मारायला लावली तर हडपसरचा माणूस मागं वळून बघंल. आमच्या आज्यानं दीक्षा घेतलेली, घरात बुद्धाची मूर्ती, सांजच्याला वंदना म्हणल्याबिगर वडील ताटावर बसायचे न्हाईत. सातवीपर्यंत शाळा झाली, मग लग्न. मालक डेअरीत क्रेट उचलायला व्हते. चांगला माणूस, बोलायचा कमी. माझं बोलणं दोघांच्या वाटणीचं.

आता मॅडम, तुम्ही विचाराल, वस्तीतल्या सगळ्यांचा झेंडा निळा, मग तू ह्या पक्षात कशी? सगळेच विचारतात. मालकांची किडनी गेली तवा दवाखान्यात खाट मिळंना. आमच्या भागातले विलासभाऊ, तवा ते साधे कार्यकर्ते व्हते, त्यांनी स्वतःच्या गाडीत घालून नेलं आन् खाट मिळंस्तवर तिथनं हालले न्हाईत. मालक पुढं दोन वर्षं जगले. ती दोन वर्षं भाऊंची, असं मी धरते. खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं. मग भाऊ म्हणले ताई, प्रचाराला येता का, मी गेले. गल्लीत फेरी निघाली आन् घोषणा देणाऱ्या पोराचा घसा बसला, मी मागनं दिली, तर माणसं गॅलरीत येऊन बघायला लागली. त्या दिवसापासनं वीस वर्षं घोषणा मीच. वस्तीतले म्हणायचे, लताबाई, मूर्ती एकाची आन् माळ दुसऱ्याला? मी म्हणायचे, तुमच्या नळाला पाणी कुणामुळं आलं ते आधी बघा. भांडून भांडून चाळीस घरं फिरवली मी ह्या पक्षाकडं. चाळीस घरं म्हंजी काय चेष्टा न्हाई, कात्रजच्या चढाला सायकल मारण्यासारखं हाय.

घोषणेचं कसं असतं बघा, अर्धी एकानं द्यायची आन् अर्धी लोकांनी. मी म्हणणार, कोण म्हणतो येणार न्हाई, की मागनं पब्लिक म्हणणार, आल्याशिवाय राहणार न्हाई. पुण्यात हे कुणाला म्हाईत न्हाई, असा माणूस दाखवा. पाळण्यातलं पोरगं पण उत्तर दील.

तर ती सभा. दिल्लीचे मोठे साहेब येणार व्हते. भाऊंचा फोन, ताई पन्नास बायका पाहिजेत. चाळीस आणल्या. मी माझी ठेवणीतली साडी नेसले, आता ती निळी हाय त्याला मी काय करू, भाचीच्या लग्नात मिळालेली. गळ्यात पक्षाचं उपरणं. गेटवर काळं काही आत सोडत नव्हते, काळे झेंडे दाखवतील म्हणून. कुणाची ओढणी ठेवून घेतली, कुणाचे मोजे, एका म्हाताऱ्याची छत्री. आन् ठेवून घेणारे ते दंडवाले बाऊन्सर, ते सगळे डोक्यापासनं पायापर्यंत काळ्या कपड्यात. मी विमलला, म्हंजी माझ्या शेजारणीला म्हणलं पण, ह्यांचे मोजे कोण काढणार. हसलो आम्ही. ते शेवटचं हसलो त्या दिवशी.

साहेबांना उशीर झाला. माईकवरचं गाणं संपलं, मैदान गप झालं, आन् अशी गप सभा मला बघवत न्हाई, वीस वर्षांची सवय. मी उठले, हात वर केला आन् दिली, कोण म्हणतो येणार न्हाई! उत्तरच आलं न्हाई. आमच्या बायका माझ्या मागं व्हत्या, त्यांनी तोंड उघडायच्या आधीच पुढच्या रांगेतली एक बाई वळली. नव्या सोसायट्यांतली माणसं पुढं बसवलेली, मला ओळखत नव्हती. तिनं माझ्याकडं पायापासनं वर बघितलं, साडीकडं बघितलं, तोंडाकडं बघितलं. मी काळी हाय, ते तर दिसतंच. ती त्या काळ्या कपड्यातल्या पोराला म्हणली, अहो, ह्या गोंधळ घालायला आल्यात, ह्यांना बाहेर घ्या. घोषणा कुणी ऐकलीच न्हाई मॅडम. तोंड बघितलं. त्या पोरानं आधी माझ्या गळ्यातलं उपरणं ओढलं, म्हणला हे कुठनं उचललं? मी म्हणते, अरे बाबा मी कार्यकर्ती हाय, विलासभाऊंना विचार, ते बघ स्टेजवर बसलेत. दुसऱ्यानं दंडाला धरलं. मला खुर्च्यांमधनं नेत व्हते तवा पुढनं एका झब्ब्यातल्या माणसानं उठून तीच घोषणा दिली, अगदी तीच, आन् सगळं मैदान म्हणलं, आल्याशिवाय राहणार न्हाई. काय सांगू तुम्हाला. माझे पाय चालत व्हते, एवढं आठवतंय.

भाऊंनी स्टेजवरनं बघितलं. डोळ्यावर हात धरून बघितलं, उन्हासाठी धरतात तसा, आन् मग शेजारच्याशी बोलायला वाकले.

चौकीत बसवलं. हवालदारानं नाव विचारलं. सोनवणे म्हंजी कुठले? म्हणलं कात्रजचे. न्हाई, मूळचे? म्हणलं मांजरीचे. मग वस्ती विचारली, वस्तीचं नाव सांगितल्यावर हां म्हणला आन् लिहायला लागला. त्याला पाहिजे ते सापडलं. संघटना म्हणून एक रकाना व्हता, तिथं त्यानं निळ्या झेंड्याच्या एका संघटनेचं नाव लिहिलं, तिच्या हापिसात मी कवा पाय ठेवला न्हाई. मी म्हणलं साहेब, मी त्यांची न्हाई, मी ह्यांची हाय, ज्यांची सभा चाललीय त्यांची. तो म्हणला, आजी, सगळे असंच म्हणतात, सही करा. केली सही. तिथं भांडायला पाहिजे व्हतं. मी एवढी भांडखोर, आन् तिथं पेन टोपण लावून परत दिलं. सभा उठल्यावर सोडलं.

वस्तीत कुणी हसलं न्हाई. हेच लई वाईट. हसले असते तर मी भांडले असते. सगळे म्हणले, जेवलीस का. विमल म्हणली, मी उठायला पाहिजे व्हतं. मी म्हणलं जाऊ दे, दोघींना नेलं असतं.

दोन दिवसांनी भाऊ म्हणले, गैरसमज झाला ताई, मनावर घेऊ नका. मी सरळ विचारलं, भाऊ, तुम्हाला दिसलं व्हतं का? म्हणले, दिसलं व्हतं, पण साहेब यायची वेळ झालेली. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. मग मी एकच मागितलं, चौकीला दोन ओळी लिहून द्या, ही आमची कार्यकर्ती हाय, गोंधळ घालणाऱ्यांच्या यादीतनं नाव काढा. बाकी काही नको. भाऊ म्हणले, ताई, तुम्ही घरच्याच, घरच्या माणसाला कागद कशाला लागतो? ह्याला आता दीड वर्ष झालं. मी चार वेळा गेले, चारी वेळा चहा मिळाला.

राग? न्हाई. आधी यायचा. आता आतनं बधिर झाल्यासारखं हाय, दाढ काढल्यावर गाल असतो तसं, हात लावला तर कळतंय की आपलाच हाय, पण लागत काही न्हाई.

ही आतल्या खोलीत मोबाईल बघत बसलीय ना, तुम्हाला मघाशी वाटलं असंल माझी सून हाय. पोलीस हाय ती, साध्या कपड्यात. आज सभा हाय ना गावात. मोठं कुणी यायचं असलं की ही सकाळी येती, मला नोटीस देती, आन् सभा उठंस्तवर माझ्याजवळ बसती, मी गोंधळ घालायला जाऊ नये म्हणून. ही तिसरी बारी. पहिल्यांदा गल्लीतल्या लोकांनी दारं लावून घेतली, आता तिला विचारतात, आज कोण येणार हाय गं.

आन् आज सकाळी भाऊंचा पण फोन आला. ताई, पन्नास बायका पाहिजेत. म्हणलं भाऊ, माझ्या घरात पोलीस बसलीय, तुमच्याच सभेसाठी. मग म्हणले, बरं मग तुम्ही नका येऊ, बायका तेवढ्या पाठवा.

पाठवल्या. अठ्ठावीस गेल्या. माझ्याच सांगण्यावरनं आल्या व्हत्या ह्या पक्षात, आता मी कोणत्या तोंडानं नको म्हणू? विमल देणार हाय घोषणा. तिचा आवाज लहान हाय, पण ती गोरी हाय, चालंल.

ह्या पोरीला आता भाकरी करून देते, सकाळपासनं उपाशी हाय. तिचा काय दोष, यादीत नाव हाय तर तिला यावंच लागतं. भलं होवो तिचं, तुमचं पण. वस्तीत कुणी मेलं की मतदार यादीतनं नाव काढायचा फॉर्म मीच भरून देते, आजपर्यंत लई भरले. पोलिसांच्या यादीचा तसला फॉर्म कुठं मिळतो, तेवढं जाता जाता विचारून सांगा मला. जित्या माणसाचा.