पेवातली हवा

आबा, आप्पा, माझ्या बहिणींनो आणि पोरांनो,

शाळेचं पटांगण पुरलं नाही एवढी माणसं आलीत. एरवी या पटांगणात मला माईक लागत नाही. आज लागतोय. जरा सांभाळून घ्या.

दत्ता गेला. चाळिशीही गाठली नाही त्यानं. घरच्या पेवातली ज्वारी काढायला जमिनीखाली उतरला, आणि वर आला तो दोरानं बांधून. मी इथं हायस्कूलला विज्ञान शिकवते. दत्ता माझा विद्यार्थी, त्याचा धाकटा भाऊ पोपट माझा विद्यार्थी, आणि आता दत्ताची वैशाली माझ्या वर्गात आहे. त्या घराशी माझं एवढंच नातं. त्या नात्यानं बोलते.

दत्ता कसा होता हे तुम्हाला मी काय सांगू? कुणाच्याही मयताला लाकडं घेऊन पहिला हजर तो. रागीट होता, हेही खरं. बांधावरून भावाशी भांडला तेव्हा अख्ख्या आळीनं ऐकलं. मग वर्षभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, तेही आळीनं पाहिलं. आणि त्यावरूनच आता गावात जे चाललंय, त्याबद्दल मी बोलणार आहे. काहींना आवडणार नाही. चालेल.

काय म्हणतात लोक? पोपटनं भावाला मुद्दाम खाली उतरवलं. वर उभा राहून बघत बसला. गिरणीत हेच, पाण्यावर हेच. आणखी काही जण म्हणतात, पेवानं बळी घेतला. अहो, पेवाला कसली भूक? पण पेवात भरलेली ज्वारी जिवंत असते. हे मात्र नीट ऐका.

बायांनो, मटकीला मोड आणायला फडक्यात बांधून ठेवता ना? सकाळी त्या गाठोड्यात हात घातला की कसं लागतं? गरम लागतं. खाली जाळ कुणी घातला होता? कुणीच नाही. दाणा श्वास घेतो. दाण्यातल्या पिठाची साखर होते, तिला ग्लुकोज म्हणतात. दाण्यातली एकेक पेशी हवेतला ऑक्सिजन घेते आणि ती साखर हळूहळू जाळते. त्यातून जगायला ऊर्जा मिळते, थोडी ऊब बाहेर पडते, थोडं पाणी सुटतं, आणि मागं राहतो कार्बन डायऑक्साइड. तुम्ही-आम्ही आत्ता बसल्या जागी हेच करतोय. कोरड्या ज्वारीत हे फार सावकाश चालतं. ओल लागली की जोरात चालतं.

यंदा परतीचा पाऊस लांबला. पेवात ओल उतरली. तोंड वरून लिंपलेलं. आत सगळी ज्वारी श्वास घेत होती आणि नवी हवा येत नव्हती. ऑक्सिजन संपत गेला. त्याच्या जागी साचली ती हवा जड, तळाला बसून राहणारी. डोळ्यांना दिसत नाही. त्या हवेत किडा मरतो, म्हणून तर पेवातली ज्वारी वर्षानुवर्षं टिकते. किडा मरतो तिथं माणूस कसा जगेल?

आप्पा, तुमच्या वेळी पेव उघडलं की दिवसभर तसंच उघडं ठेवायचे. मग दोराला पेटता कंदील बांधून खाली सोडायचे. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. बरोबर ना?

आता त्या दिवशी काय झालं ते सांगते. मी ते पोपटकडून ऐकलं आणि तेव्हा तिथंच असलेल्या शेजारच्या तुकामामांकडूनही ऐकलं. दोघांच्या सांगण्यात फरक नाही. दोघांच्या सामाईक पेवाला आंबूस वास यायला लागला, म्हणून दोघं भाऊ वर्षानं एकत्र आले. पेव उघडलं. दत्ता म्हणाला, "पोपट, कंदील आन." पोपट म्हणाला, "त्यात रॉकेल न्हाई, दादा. ही बॅटरी सोडू की. कंदिलापरीस लख्ख हाय." दोराला बॅटरी बांधून सोडली. तळापर्यंत उजेड पडला. दत्तानं वाकून पाहिलं. म्हणाला, "उजेड हाय. चल, उतरतो म्या."

उजेड होता. पण बॅटरीला ऑक्सिजन लागत नाही. वातीला लागतो. म्हणून कंदील सोडायचे. आपण मात्र धरून चाललो, की तो अंधारासाठी सोडायचे. पोपटला तसं वाटलं. दत्तालाही तसंच वाटलं. खरं सांगा, इथं बसलेल्यांपैकी किती जणांनी बॅटरी सोडली असती?



दत्ता पाटी भरायला वाकला आणि खालीच बसला. सकाळी भाकरी खाऊन निघाला होता. रक्तात साखर होती. पेशींपाशी जळण होतं, हवा नव्हती. मेंदू हवेवाचून फार वेळ तग धरत नाही. पोपट हाका मारत शिडी उतरायला लागला, डोकं आत गेलं तोच त्याला भोवळ आली. तुकामामांनी गचांडी धरून त्याला वर ओढला. मामा, तेव्हापासून तुम्ही ज्याला त्याला विचारताय, "म्या त्येला सोडाय पाहिजे हुतं का?" नाही, मामा. सोडला असता तर आज या टेबलावर दोन फोटो असते.

वैशालीनं मला परवा विचारलं, "बाई, पप्पांना लई तरास झाला आसंल का?" तिला खोटं सांगवेना. म्हटलं, एक-दोन श्वास छाती घुसमटली असेल. मग शुद्ध गेली असेल. ती म्हणाली, "मंग काका खाली पोचलं असतं तर पप्पा वाचलं असतं?" म्हटलं, तरी नाही. मग ती रडली. मीही रडले.

गावात अजून पेवं आहेत. उघडाल तेव्हा दिवसभर उघडी ठेवा. कंदील सोडा. विझला तर उतरू नका. आत सख्खा भाऊ पडलेला असला तरी तसंच उतरू नका. हे बोलणं सोपं नाही, पण बोलते.

पोपट, तू फाटकाबाहेर उभा आहेस. मला दिसतोयस. तुझ्या वहिनीनं, सुनंदानं, मला निरोप दिलाय. चारचौघांत सांगा म्हणाली. "भावजींना आत बोलवा. वैशूला त्येंच्यापाशी बसायचंय." ये बाळा, आत ये. वाट द्या रे त्याला.

आता सगळे उभे राहा. दत्तासाठी थोडा वेळ शांत राहू. तोंडानं काही म्हणू नका. फक्त हवा आत घ्या, बाहेर सोडा. दत्ताला शेवटी तेवढीच मिळाली नाही.