माझ्या कपाटाची झडती

आणि वर सासूबाई मलाच विचारतात, "कपाटाला कुलूप कशाला गं?" आता काय सांगू! लग्नाला दोन महिने झालेत, घर कडक शाकाहारी, चतुर्थीला कांदासुद्धा रजेवर, आणि माझ्या शालूखाली आईने दिलेली सुक्या जवळ्याची चटणी! एकच बरणी हो. दुपारी सगळे आडवे झाले की एक चमचा, तेवढंच माहेर... पण सासूबाईंचं नाक! रोज एकच, "उघड, मी घड्या घालून देते!"

तुम्हाला सांगते, मी मुळात बोलतच नाही. पण गेल्या मंगळवारी इथे कल्याणजवळ मोहन्याला, आमच्या बिल्डिंगमध्ये थेट दिल्लीच्या पोलिसांची टीम आली. चार साहेब, वरच्या भाडेकरूच्या घराची झडती घ्यायला. कुलूप तोडणार, तेवढ्यात आपल्या पोलीस ठाण्याचे हवालदार देवराम हजर, डबा काखेत! "साब, लेखी है क्या?" "हम दिल्ली से आए हैं!" "तो बैठो ना, चाय पिओ. पर राज्य का परमिशन, कोर्ट का कागज... लेखी है क्या?" साहेब लालबुंद! "ऊपर से ऑर्डर है!" "होगा ना साब. ऊपरवाले को बोलो, लिख के दो."

अहो, तीन तास! आमच्याच सोफ्यावर! एका टोकाला दिल्ली, दुसऱ्या टोकाला देवराम, मध्ये माझे पोहे... शेवटी कल्याणहून कागद आला, सही-शिक्क्यासकट. मग काय, तेच देवराम, "चला साब, आता आपण भाऊ-भाऊ!" कुलूप तोडणारा माणूसही त्यांनीच आणला. मी शिकलेली, म्हणून मला पंच केलं. आणि आत? भाडेकरू दिवाळीतच पसार! पंचनाम्यात काय, तर "रिकामे कपाट, एक". केली सही.

पण डोक्यात लख्ख उजेड पडला ना! दिल्लीला कागद लागतो, मग आमच्या सासूबाईंना, सुमतीबाईंना का नको? दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. "किल्ली दे." आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून, "लेखी आहे का?"

कुकरनेसुद्धा शिट्टी गिळली! त्या वळून आत गेल्या. जिंकले म्हटलं... दहा मिनिटांत बाहेर! कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, बत्तीस वर्षं शाळेत फळ्यावर लिहून घोटलेलं अक्षर, "कपाट उघडण्यास परवानगी आहे." खाली सासऱ्यांची सही. आणि पंच कोण? साकेत! माझा नवरा हो! "अगं, आईने पेन दिलं, मी सही केली..." अरे, वाचायचं तरी!

शालू उचलला, बरणी निघाली. सासूबाईंनी झाकण उघडलं, हुंगलं... मी डोळेच मिटले. "मुद्देमाल जप्त!" मग खात्री करायला एक चमचा. मग अजून खात्री. आता रोज जेवताना "नमुना" काढतात, पंचांनाही वाढतात. शाकाहारी घर हो! बरणी तळाला आली. काल धीर करून म्हटलं, "आई, माझी बरणी परत..."

बोटं चाटत म्हणाल्या, "अर्ज लेखी आहे का?"